माइल कोणाच्या खाती?



दिवाळीला नवी वही पूजून उघडली जाते, तोवर जुन्या वर्षाची येणी-देणी, शिल्लक माल, रोकड आणि वटाव यांचा मेळ बसविलेला असतो. गिऱ्हाइकाकडे राहिलेले दोनशे रुपयेही त्या मेळातून सुटत नाहीत. तथापि अलीकडे आपल्या अनेक पेढ्यांच्या पदरी असे एक येणे साचू लागले आहे, ज्याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही. क्रेडिट कार्डावर जमा होणारे पॉइंट आणि त्यांचे होणारे विमान कंपन्यांचे माइल, हे ते येणे होय. मालाची खरेदी, कुरिअर, जाहिरात, हॉटेल, फोनचे बिल असे कितीतरी खर्च आता कार्डावरून होतात आणि प्रत्येक खर्चामागे काही पॉइंट कोणा एकाच्या नावावर जमा होत राहतात.

त्यांतून परदेश प्रवासाचे बिझनेस क्लासचे तिकीट काढता येते, हे आता बहुतेकांच्या कानी आले आहे. हाँगकाँगच्या हिरे-मोत्यांच्या प्रदर्शनाला जाणारा व्यापारी असो, अँटवर्पच्या बाजारात जाणारा असो, अथवा लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस निघालेली सत्तरीची आई असो, रात्रभराच्या प्रवासात पाठ टेकून झोपावयास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून या सदरात आज या व्यवहाराचा विचार करू. हे माइल म्हणजे नेमके काय, त्यांचा खरा भाव कसा काढावा, तिकीट कोणत्या क्रमाने काढावे आणि पेढीच्या पैशातून आलेले माइल कोणाचे मानावेत, असे चार प्रश्न त्यात येतात. शेवटचा प्रश्न घरात सहसा कोणी उघडपणे विचारीत नाही; परंतु मनात तो अनेकांच्या असतो.

प्रथम या वस्तूची ओळख. अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरील सरकारी बंधने उठली, भाड्याची स्पर्धा सुरू झाली आणि प्रवाशाला आपल्याकडेच बांधून ठेवण्याची युक्ती कंपन्या शोधू लागल्या. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना सुरू केली आणि लगोलग युनायटेडने तिचे अनुकरण केले. प्रारंभी जितका प्रवास तितके माइल, असा सरळ हिशेब होता. पुढे बँका या व्यवहारात उतरल्या. बँक विमान कंपनीकडून माइल रोख पैसे मोजून घेते आणि आपल्या कार्डधारकाला देते. बँकेला दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारावर कमिशन मिळते, कार्डाची वार्षिक फी मिळते आणि जे वेळेवर बिल भरीत नाहीत त्यांच्याकडून व्याज मिळते. आपले फुकटचे वाटणारे माइल या तीन उत्पन्नांतून आलेले असतात.

या योजनांचे मोल किती वाढले, हे महामारीच्या काळात जगाने पाहिले. विमाने जमिनीवर उभी होती, तिकीट विक्री थांबली होती आणि कंपन्यांना रोकड हवी होती. त्या वेळी युनायटेडने २०२० साली आपली माइल योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, त्याच वर्षी डेल्टाने ९०० कोटी आणि २०२१ साली अमेरिकनने १००० कोटी डॉलर उभे केले. विमाने उडत नसताना सावकाराने ज्या वस्तूवर एवढे कर्ज दिले ती वस्तू निश्चितच खरी आहे. मात्र तिचा धनी कोण, हे नीट ध्यानात घ्यावयास हवे. तारण ठेवण्याचा अधिकार कंपनीला होता, माइल साठविणाऱ्या प्रवाशाला नव्हता. बहुतेक योजनांच्या अटींत हे माइल सभासदाची मालमत्ता नाहीत, असे स्पष्ट लिहिलेले असते.

आपल्या पूर्वजांच्या व्यवहारातील हुंडीशी त्यांची तुलना केली म्हणजे भेद कळतो. हुंडीवर रक्कम लिहिलेली असे, मुदत लिहिलेली असे आणि ती न सकारणाऱ्या पेढीची पत बाजारात बुडत असे. माइल ही अशी हुंडी आहे, जिच्यावर रक्कम लिहिलेलीच नाही. आज जे आसन ६०,००० माइलला मिळते ते उद्या ७५,००० ला मिळेल, असे कंपनी एका सूचनेने ठरवू शकते. आणि बँकही आपल्या पॉइंटांचे माइल करण्याचा दर अथवा वर्षाची मर्यादा बदलू शकते. असे बदल वारंवार झालेले आहेत.

आपल्या देशातील तीन उदाहरणे पाहावीत. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या ‘किंग क्लब’ योजनेत ज्यांनी माइल राखून ठेवले होते त्यांच्या हाती काही राहिले नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची माइल योजना वेगळ्या कंपनीच्या हाती असल्याने माइल बुडाले नाहीत, योजनेचे नाव ‘इंटरमाइल्स’ झाले. परंतु ज्या विमानात बसण्यासाठी लोकांनी ते जमविले होते, ते विमान राहिले नाही. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत, म्हणजे आजच्या ‘महाराजा क्लब’मध्ये, वर्ग झाले. एकाच प्रकारच्या ठेवीची ही तीन निरनिराळी फळे आहेत आणि तिन्ही वेळा ठेवीदाराच्या मताला काही स्थान नव्हते. व्याज न देणारी आणि भाव घसरत जाणारी वस्तू वर्षानुवर्षे गोदामात ठेवणारा व्यापारी आपण शहाणा म्हणत नाही. माइलांना हाच न्याय लावावा. प्रयोजन ठरवून जमवावेत आणि प्रयोजन येताच वापरावेत.

आता भाव. जाहिरातींतून आणि मित्रमंडळींच्या गप्पांतून ‘दीड लाखाचे तिकीट फुकट मिळाले’ असे ऐकू येते. या वाक्याचा हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, एका बाजूच्या बिझनेस क्लास तिकिटाचा रोख भाव १,५०,००० रुपये आहे, आणि तेच आसन ६०,००० माइल व १५,००० रुपये कर भरून मिळते. वाचलेले १,३५,००० रुपये ६०,००० ने भागले की एका माइलला सव्वादोन रुपये भाव आला. हा आकडा ऐकावयास गोड आहे. परंतु माइल नसते तर आपण दीड लाख रुपये खरोखर मोजले असते काय, हे स्वतःला विचारावे. बहुतेक वेळा आपण ४५,००० रुपयांचे इकॉनॉमीचे तिकीट काढले असते. मग आपले वाचले केवळ ३०,००० रुपये आणि माइलचा भाव आला ५० पैसे.

याच हिशेबाची दुसरी बाजू पाहू. कार्डावर १०० रुपयांना २ माइल मिळत असतील तर ६०,००० माइलांसाठी ३० लाखांचा खर्च कार्डावरून व्हावा लागतो. तोच खर्च एक टक्का रोख परतावा देणाऱ्या साध्या कार्डावर केला असता तर ३०,००० रुपये हाती आले असते. ते आपण सोडले आणि वर १५,००० रुपये कर भरला, म्हणजे या ‘फुकट’ तिकिटाची आपल्याला पडलेली किंमत ४५,००० रुपये झाली. त्यात कार्डाची वार्षिक फी ५,००० रुपये व तिच्यावरील १८ टक्के जीएसटी असे ५,९०० रुपये मिळविले की ५०,९०० झाले. सारांश असा की, इकॉनॉमीच्या भावाहून सुमारे सहा हजार रुपये अधिक देऊन झोपून जाता येईल असे आसन मिळाले. हा सौदा उत्तमच आहे आणि त्याला उत्तम म्हणण्यासाठी तो फुकट होता असे सांगण्याची गरज नाही. ज्या आईच्या गुडघ्यांसाठी आपण कर्ज काढूनही बिझनेस क्लासचे तिकीट घेतले असते, तिच्या बाबतीत मात्र सव्वादोन रुपयांचा भाव पूर्णपणे खरा ठरतो. माइलचा भाव त्या आसनावर कोण बसणार आहे यावरही अवलंबून असतो, हे येथे लक्षात येईल.

हा सर्व हिशेब एका अटीवर उभा आहे. कार्डाचे बिल दरमहा पूर्ण भरले गेले पाहिजे. दोन लाख रुपये थकले आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असले, तर महिन्याला ७,००० रुपये व्याज आणि त्यावरील जीएसटी १,२६० रुपये, एकूण ८,२६० रुपये गेले. त्या दोन लाखांवर मिळालेले माइल अवघे ४,०००. म्हणजे ५० पैसे भावाने २,००० रुपये आणि सव्वादोनच्या भावानेही ९,००० रुपये. दुसऱ्या महिन्यात सारे माइल धुऊन गेले. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. ज्या पेढीची उधारी वेळेवर वसूल होत नाही तिने माइलांच्या मोहाने कार्डावर माल भरू नये. वर्षाला बेचाळीस टक्के दराचे कर्ज आपण कोणत्याही सावकाराकडून घेतले नसते.

दुसरा मोह अधिक घातक आहे. आपल्याच दुकानाच्या स्वाइप मशीनवर आपलेच कार्ड फिरवून माइल मिळविण्याची युक्ती बाजारात सांगितली जाते. त्यात जी विक्री झालीच नाही तिची नोंद होते. मशीनचे कमिशन जाते, बँकेशी केलेल्या कराराचा भंग होतो, जीएसटीच्या विवरणाशी मेळ बसत नाही आणि बँकेच्या नजरेस आले की पॉइंट जप्त होऊन कार्ड व मशीन दोन्ही बंद होऊ शकतात. खोटी विक्री लिहिणे हे आपल्या वहीला शोभणारे नाही, एवढे सांगणे पुरे. माइल विकणाऱ्या व विकत घेणाऱ्या दलालांचीही हीच गोष्ट आहे. जवळपास सर्व योजनांत अशी विक्री निषिद्ध असते, आणि त्यातून काढलेले तिकीट ऐन प्रवासाच्या दिवशी रद्द झाले तर दाद मागावयास जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी दहा लाख अथवा अधिक रुपये, किंवा रोखीने एक लाख अथवा अधिक रुपये भरले गेल्यास बँक ती माहिती आयकर खात्याला कळविते. यात गैर काही नाही. परंतु पेढीचा खर्च व्यक्तीच्या कार्डावर झाला असेल, तर पेढीच्या बँक खात्यातून त्या व्यक्तीला झालेली भरपाई आणि प्रत्येक बिल जपून ठेवावे. शक्यतो पेढीच्या खर्चासाठी व्यवसायाचे वेगळे कार्डच घ्यावे, कारण वैयक्तिक कार्डावर व्यापारी खर्च केल्यास पॉइंट नाकारण्याचा अधिकार काही बँका आपल्या अटींत राखून ठेवतात. इंधन, भाडे, वॉलेट आणि सरकारी भरणा यांवर पुष्कळ कार्डांत पॉइंट मिळतच नाहीत, हेही आधी पाहावे. एखादा पुरवठादार कार्डासाठी दोन टक्के जादा मागत असेल तर वरील दराने एक माइल आपल्याला एक रुपयाला पडला. पन्नास पैशांच्या वस्तूसाठी रुपया मोजणे हा तोटाच.

आता तिकीट काढण्याचा क्रम सांगतो. नियम एकच मुख्य आहे की, आधी आसन शोधावे आणि मगच पॉइंट वर्ग करावेत. बँकेतून विमान कंपनीच्या खात्यात गेलेले पॉइंट परत येत नाहीत. काही वेळा ते क्षणात जातात, काही वेळा दिवस लागतात. बँकेतील नाव आणि विमान योजनेतील नाव तंतोतंत जुळले पाहिजे; पासपोर्टावर वडिलांचे वा पतीचे नाव मध्ये असेल तर तेच सर्वत्र ठेवावे.

माइलवर मिळणारी आसने प्रत्येक उड्डाणात मर्यादित असतात. त्यांतील पुष्कळशी विक्री उघडताच, म्हणजे सुमारे अकरा-साडेअकरा महिने आधी, मिळतात; काही अगदी शेवटच्या दिवसांत मोकळी होतात. ब्रिटिश एअरवेजने आपल्या लांब पल्ल्याच्या प्रत्येक उड्डाणात विक्री उघडताना, म्हणजे ३५५ दिवस आधी, किमान चार बिझनेस क्लास आसने ‘एव्हिओस’ या आपल्या पॉइंटांवर देण्याची हमी दिलेली आहे. मुंबई-लंडन प्रवास ठरलेला असेल तर तिचा उपयोग होतो. हेच एव्हिओस मार्च २०२२ पासून कतार एअरवेजनेही स्वीकारले, त्यामुळे दोन्ही योजनांतील शिल्लक एकमेकींत वर्ग करता येते. दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुटी आणि हाँगकाँगला प्रदर्शनाचा आठवडा, या दिवसांत माइलचे आसन मिळणे कठीण. ज्याला तारीख चार दिवस पुढे-मागे करता येते त्यालाच माइलांचा खरा लाभ होतो. व्यापाऱ्याला तारीख बहुधा हलविता येत नाही, घरातील वडीलधाऱ्यांना ती हलविता येते. माइल त्यांच्यासाठी राखण्याचे हे एक व्यावहारिक कारणही आहे.

आसन सापडले तरी करांचा आकडा पाहिल्याशिवाय पॉइंट वर्ग करू नयेत. काही कंपन्या माइलच्या तिकिटावरही इंधनाच्या वा अन्य नावाने मोठा अधिभार घेतात आणि ब्रिटिश एअरवेज त्यांत आहे. सिंगापूर एअरलाइन्सने स्वतःच्या विमानांतील माइल तिकिटांवरचा इंधन अधिभार २०१७ साली काढून टाकला. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर तेथील सरकारचा प्रस्थान कर असतो. भारताकडे बिझनेस क्लासने येताना तो माणशी दोनशे पौंडांहून अधिक पडतो. एकाच तिकिटावर चोवीस तासांच्या आत लंडनला विमान बदलून पुढे जाणाऱ्याला तो लागत नाही. म्हणून कित्येक जण लंडनला जाताना बिझनेस क्लास घेतात आणि परतताना अन्य शहरातून निघतात.

मुदतीकडेही लक्ष असावे. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’ योजनेत माइल ३६ महिन्यांनी संपतात, मग खात्यात हालचाल असो वा नसो. एव्हिओस ३६ महिने काहीच हालचाल न झाल्यास संपतात. म्हणजे मधूनमधून थोडी भर घातली तरी ते जिवंत राहतात. क्रिसफ्लायरच्या खात्यावरून स्वतःखेरीज नोंदविलेल्या पाच व्यक्तींसाठी तिकीट काढता येते. ब्रिटिश एअरवेजच्या योजनेत एका घरातील सात जणांपर्यंत एकत्र खाते करता येते. एकत्र कुटुंबात हे फार उपयोगी. मात्र त्या पाच वा सात जणांत कोणाची नावे घालावयाची, हे सर्वांनी बसून ठरवावे.

आपल्या घरांतून हमखास विचारला जाणारा प्रश्न जेवणाचा. बिझनेस क्लासच्या जेवणपत्रिकेत पाच पदार्थ असले तरी त्यांत जैन भोजन असेलच असे नाही; ते आगाऊ मागवावे लागते. विमान व्यवसायात त्यासाठी ‘व्हीजेएमएल’ ही ठरलेली खूण आहे आणि बहुधा किमान २४ तास आधी ती नोंदवावी लागते. ‘एव्हीएमएल’ म्हणजे भारतीय पद्धतीचे शाकाहारी भोजन, त्यात कांदा-लसूण आणि कंदमुळे असू शकतात. ‘व्हीजीएमएल’ मध्ये दूध-तूपही नसते, पण कंदमूळ असू शकते. ज्यांना शंकेला जागा नको असेल त्यांनी फळांची थाळी, म्हणजे ‘एफपीएमएल’, मागवावी. एका कंपनीच्या माइलांवर दुसऱ्या कंपनीच्या विमानाचे तिकीट काढले असेल तर दोन वेगळे पीएनआर असतात. भोजनाची नोंद ज्या कंपनीच्या विमानात बसावयाचे तिच्या पीएनआरवर करावी आणि परतीच्या प्रवासासाठी ती स्वतंत्रपणे तपासून घ्यावी. ज्यांना रात्रिभोजनाचा त्याग आहे त्यांनी विमानाची वेळच त्या दृष्टीने निवडावी. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर अथवा पहाटे निघतात, तेव्हा घरून वेळेत जेवून निघावे आणि विमानात विश्रांती घ्यावी, हे सहज जमते.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. व्हीलचेअरची मदत कोणत्याही वर्गाच्या प्रवाशाला मागता येते, त्यासाठी बिझनेस क्लास लागत नाही. तसेच झोपण्याचे आसन मिळाले म्हणून पाय हलविण्याची गरज संपत नाही. चार तास वा अधिक प्रवासात बराच वेळ बसून राहिल्याने शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. निरोगी माणसात हा संभव मुळात फार थोडा, सुमारे सहा हजारांत एक, असतो. तरीही ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे अथवा ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता शेवटचा प्रश्न. चार भावांची एक पेढी आहे, कार्ड थोरल्या बंधूंच्या नावावर आहे, त्यावर वर्षाला चाळीस-पन्नास लाखांचा पेढीचा खर्च होतो आणि माइल थोरल्या बंधूंच्या खाती पडतात. ते दरवर्षी सहकुटुंब बिझनेस क्लासने जातात. धाकट्याच्या सौभाग्यवती चिरंजीवांकडे जाताना इकॉनॉमीत गुडघे आखडून बसतात. कोणी काही बोलत नाही, कारण ‘हे तर कार्डावरचे आहेत’ असे म्हणून विषय संपविला जातो. थोरल्यांच्या मनात कपट नसते. ही वस्तू मोलाची आहे, असे त्यांना वाटतच नाही. परंतु वर मांडलेला हिशेब मान्य असेल तर मोल नाही असे म्हणता येत नाही. पन्नास लाखांवर एक टक्का रोख परतावा पन्नास हजार होतो, आणि तो पेढीच्या खात्यात जमा झाला असता तर चौघांचाच मानला गेला असता. त्याचे माइल झाले म्हणून तो एकाचा होत नाही.

यासाठी वहीत एक पान राखावे. त्यावर कार्ड कोणाच्या नावाचे, वर्षभरात पेढीच्या खर्चातून किती पॉइंट आले, स्वतःच्या खर्चातून किती आले, कोणत्या योजनेत किती माइल आहेत, मुदत कधी संपते आणि यंदा कोणासाठी वापरले, एवढे लिहावे. खात्यांचे क्रमांक विश्वासातील आणखी एका व्यक्तीस ठाऊक असावेत. सभासदाच्या निधनानंतर माइल वारसांस मिळतीलच असे नाही, काही योजना ते रद्द करतात. म्हणून वृद्धांच्या नावावर मोठी शिल्लक साठवू नये, त्यांच्यासाठी ती वापरावी. खासगी कंपनी असेल, बाहेरचे भागीदार असतील, तर हा विषय चार्टर्ड अकाउंटंटांशी बोलून लेखी ठरवावा.

वाटपाची रीतही साधी ठेवता येते. पहिला हक्क ज्याच्या शरीराला त्या आसनाची गरज आहे त्याचा, म्हणजे आजी-आजोबांचा, दुखऱ्या पाठीचा, नुकत्या आजारातून उठलेल्याचा. दुसरा पेढीच्या कामासाठी जाऊन उतरल्याबरोबर सौद्याला बसावयाचे आहे त्याचा. तिसरा हक्क उरलेल्यांचा, पाळीपाळीने. पंचविशीतील मुलांना मागच्या आसनावर झोप लागते, त्यांची पाळी आली नाही तरी चालेल. ही रीत सर्वांसमोर ठरली की, कोणाच्या तिकिटाकडे कोणी तिरक्या नजरेने पाहत नाही.

येत्या वहीपूजनापूर्वी घरातील सर्व कार्डांची आणि माइल खात्यांची शिल्लक एकदा एका कागदावर उतरवून पाहावी, अशी विनंती आहे. पुष्कळांना आपल्या घरात किती मोठे येणे नोंदीवाचून पडून आहे याचे आश्चर्य वाटेल, आणि त्यातील काहीची मुदत जवळ आलेली असेल. ती टळण्यापूर्वी घरातील कोणा वडीलधाऱ्यांचा राहून गेलेला प्रवास त्यातून घडावा. जय जिनेंद्र.